लॉनमोअर आणि स्नोब्लोअर : हिवाळ्यापूर्वीची देखभाल आणि साठवण कशी करावी?

ईगनचे_नवे_घर यांचा प्रश्न

नमस्कार. गेली सहा वर्षे आम्ही अपार्टमेंटमध्ये राहत होतो, त्यामुळे गवत कापणे आणि बर्फ उपसणे ही दोन्ही कामे आमच्या वाट्याला कधी आली नाहीत. यंदा मे महिन्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉलच्या दक्षिणेला ईगन येथे स्वतःचे घर घेतले आणि त्याबरोबर अंगणही आले. त्याच आठवड्यात मी पेट्रोलवर चालणारा २१ इंची लॉनमोअर विकत घेतला. घराच्या आधीच्या मालकांनी त्यांचा २४ इंची, दोन टप्प्यांचा स्नोब्लोअर (बर्फ आत ओढून दूर फेकणारे यंत्र) गॅरेजमध्येच ठेवून दिला आहे. जाताना ते म्हणाले, "यंत्र चांगले आहे, फक्त चोक अर्धा ओढून ठेवावा लागतो, तरच चालते." मी मान डोलावली, पण त्याचा अर्थ मला समजला नव्हता आणि आजही नीटसा समजलेला नाही.

आता ऑक्टोबर उजाडला आहे. गवताची वाढ मंदावली असून अजून दोन-तीन वेळा कापावे लागेल असे दिसते. त्यानंतर लॉनमोअर एप्रिलअखेरपर्यंत पडून राहील. डिसेंबरच्या मध्यापासून आम्ही पाच आठवडे पुण्याला जाणार आहोत. माझे प्रश्न असे : लॉनमोअरच्या टाकीत उरलेल्या पेट्रोलचे काय करावे? दोन गॅलनचा पेट्रोलचा डबा अर्धा भरलेला आहे. गॅरेज घराला लागून असले तरी गरम केलेले नाही, म्हणून तो डबा आणि लॉनमोअर दोन्ही बेसमेंटमध्ये पाणी तापवण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत ठेवले तर थंडीपासून जपले जातील का? आणि ज्या स्नोब्लोअरला मी अजून हातही लावलेला नाही, त्याच्यावर पहिल्याच बर्फात विसंबावे का?

यंत्रांची मला जुजबी माहिती आहे. पान्हा आणि पकड हाताळता येते, इंजिन मात्र कधी उघडलेले नाही.

वीस_हिवाळे यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग तुम्ही सहज सांगून गेला आहात, आणि तो म्हणजे अर्धा ओढलेला चोक. चोक ओढला की इंजिनात जाणारी हवा कमी होते आणि तिच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण वाढते. थंड इंजिन सुरू करताना तेवढ्यापुरते हे आवश्यकच असते. पण इंजिन चांगले तापल्यानंतरही ते चोकशिवाय चालत नसेल, सारखे वर-खाली होत धापा टाकत असेल, तर त्याला पेट्रोल पुरेसे मिळत नाही असे समजावे. शंभरातल्या नव्वद वेळा याचे कारण कार्ब्युरेटरमधला (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक तोंड, अर्धवट बुजलेले असणे हेच असते. त्या जेटचे छिद्र शिवणाच्या सुईइतके बारीक असते. उन्हाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे उरणारा चिकट थर नेमका त्या छिद्रात बसतो.

लोक थंडीची काळजी करतात, पण ही यंत्रे थंडीने फारशी बिघडत नाहीत. त्यांचे नुकसान होते ते आत राहिलेल्या पेट्रोलमुळे. इथे पंपावर मिळणाऱ्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते. पाणी पुरेसे साचले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी तळातूनच निघते, त्यामुळे सर्वांत वाईट भाग सर्वांत आधी इंजिनाकडे जातो. मोटारीत आपण दर आठवड्याला नवे पेट्रोल भरतो म्हणून हे जाणवत नाही. सहा-सात महिने उभ्या राहणाऱ्या यंत्रात मात्र ते हमखास भोवते.

मिनेसोटात यावर एक चांगली सोय आहे. अनेक पंपांवर इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळते, बहुतेक ठिकाणी ९१ ऑक्टेनचे, आणि ते संग्राह्य जुन्या गाड्या, बोटी, स्नोमोबाइल आणि लहान इंजिने यांच्यासाठी असल्याचे पंपावरच लिहिलेले असते. ते महाग असते, पण माझ्या दोन्ही यंत्रांना मिळून वर्षाला पाच-सहा गॅलनच लागते, आणि एका कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीपुढे हा जादा खर्च काहीच नाही. १५ टक्के इथेनॉल असलेले, पंपावर '८८' म्हणून विकले जाणारे स्वस्त पेट्रोल मात्र या इंजिनांत चुकूनही भरू नका. लहान इंजिनांत ते वापरण्यास इथे परवानगीच नाही.

तुमच्या डब्यातले पेट्रोल जुने असेल तर त्यात स्टॅबिलायझर घालून काही उपयोग होणार नाही. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलला टिकवतो, नासलेले पेट्रोल सुधारत नाही. त्यामुळे डब्यात नवे पेट्रोल भरतानाच स्टॅबिलायझर घालावा. माझ्याकडच्या बाटलीवर अडीच गॅलनला एक औंस असे प्रमाण दिले आहे. जुने पेट्रोल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. ईगनमध्येच डकोटा काउंटीचे 'रिसायकलिंग झोन' हे केंद्र आहे, तिथे घरगुती घातक कचरा स्वीकारला जातो.

आता स्नोब्लोअर. कार्ब्युरेटर स्वतः साफ करणे तुम्हाला जमेल, कारण तुम्हाला पान्हा धरता येतो. यंत्र गॅरेजबाहेर मोकळ्या जागेत घ्या, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवा आणि पेट्रोलचा व्हॉल्व्ह बंद करा. व्हॉल्व्ह नसेल तर नळी चिमट्याने दाबून धरावी लागेल. कार्ब्युरेटरच्या खाली एक लहानशी धातूची वाटी दिसेल, ती एकाच बोल्टने धरलेली असते. खाली पसरट भांडे ठेवून तो बोल्ट सोडवा. वाटीत थोडे पेट्रोल असेलच. तळाशी खडूच्या भुकटीसारखे पांढरे काही दिसले, तर ते ओल्या इथेनॉलने धातू खाल्ल्याचे चिन्ह समजा. वाटी कार्ब्युरेटर क्लीनरने धुवून फडक्याने पुसा. पुष्कळ इंजिनांमध्ये मुख्य जेट वाटीच्या वरच्या नळीत असतो, काहींत तो बोल्टमध्येच असतो. जेट काढून उजेडाकडे धरा. पलीकडचा उजेड टाचणीच्या टोकाएवढा, स्वच्छ आणि गोल दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर तारेच्या ब्रशचा एकच तंतू घेऊन हलक्या हाताने आरपार घाला. ड्रिलचे पाते किंवा जाड तार घालू नका; छिद्र मोठे झाले की प्रमाण कायमचे बिघडते. परत बसवताना वाटीच्या कडेचे रबरी कडे नीट खाचेत बसले आहे ना ते पाहा, अन्यथा पेट्रोल ठिबकत राहील.

हे काम याच पंधरवड्यात उरका. इथले जुने लोक अजून १९९१च्या हॅलोवीनचे वादळ आठवतात. ३१ ऑक्टोबरला बर्फ सुरू झाला आणि ३ नोव्हेंबरपर्यंत मिनियापोलिस-सेंट पॉलमध्ये २८.४ इंच पडला. दरवर्षी तसे होत नाही, पण पहिला बर्फ पडल्यावर दुरुस्तीच्या दुकानात यंत्र नेले तर तीन-चार आठवड्यांनी परत मिळते, हे मात्र दरवर्षीचेच आहे.

कानस_आणि_पाते यांचे उत्तर

वीस_हिवाळे यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. मी लॉनमोअरविषयी सविस्तर लिहितो, कारण तो वसंतात धड सुरू झाला नाही तर त्याचे मूळ याच महिन्यातल्या आळसात असते.

आमच्या घरी सांगली जिल्ह्यात खंडेनवमीला विहिरीवरचे डिझेल इंजिन, नांगर, विळे, खुरपी हे सगळे धुऊन-पुसून, तेल लावून ओळीने मांडले जाई आणि मग त्यांची पूजा होई. वडील पूजेपेक्षा पुसण्याला जास्त वेळ देत. यंत्रावर धूळ ठेवून वर झेंडूचा हार घातलेला त्यांना चालत नसे. मी इथे तोच दिवस धरून ठेवला आहे. खंडेनवमी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत कधीही येते, आणि मिनेसोटात हिवाळ्याची यंत्रे बाहेर काढण्याची योग्य वेळही तीच आहे. त्या दिवशी स्नोब्लोअर तयार करतो, आणि शेवटचे गवत कापून झाले की लॉनमोअर ठेवणीत जातो.

शेवटचे गवत नेहमीपेक्षा थोडे आखूड, अडीच इंचांच्या आसपास कापावे. फार उंच गवत बर्फाखाली आडवे पडून कुजते आणि वसंतात करड्या रंगाचे बुरशीचे चट्टे दिसतात. पाने गोळा करण्याऐवजी लॉनमोअरनेच बारीक केली तरी चालतात, मात्र थर जाड नसावा.

कापून झाल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल बदला, कारण गरम ऑइलबरोबर काजळीही वाहून जाते. २१ इंची यंत्राला साधारण १८ औंस ऑइल लागते, पण आकड्यावर न जाता डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहून भरावे. त्यानंतर पेट्रोल संपवा. माझी पद्धत अशी की टाकीतले पेट्रोल हातपंपाने डब्यात काढून घेतो, ताजे असेल तर ते मोटारीत ओततो, आणि मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. एकदा बंद पडल्यावर चोक ओढून पुन्हा सुरू करतो, म्हणजे वाटीतला शेवटचा घोटही जळतो.

इथे एका मुद्द्यावर माझे मत सांगतो. टाकी प्लास्टिकची असेल तर ती रिकामी ठेवणे उत्तम. जुन्या स्नोब्लोअरची टाकी पत्र्याची असेल तर मात्र उन्हाळ्यासाठी ती रिकामी ठेवू नये. दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने आत दव धरते आणि पत्रा आतून गंजतो. तो गंज पुढे जेटपर्यंत जातो. अशी टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने, स्टॅबिलायझर घालून, गळ्यापर्यंत भरून ठेवावी आणि दहा मिनिटे इंजिन चालवून ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचू द्यावे.

टाकी रिकामी झाल्यावर स्पार्क प्लगची वायर काढा आणि मगच लॉनमोअर कलंडवा. वायर काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, कारण पाते हाताने फिरवले तरी इंजिन एखादा फेरा घेऊ शकते. कलंडवताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहिले पाहिजेत. पहिल्या वर्षी मी उलट्या बाजूला कलंडवले होते. ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरले आणि वसंतात सगळे अंगण पांढऱ्या धुराने भरले. फिल्टर फेकून द्यावा लागला.

खालच्या पत्र्याला चिकटलेले गवत लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. ते ओले असते आणि पत्रा तिथूनच गंजू लागतो. पाते काढण्याआधी खालच्या बाजूला खडूने खूण करा. पाते उलटे बसवले तर यंत्र चालते, पण गवत कापण्याऐवजी फाडते, आणि टोके पिवळी पडल्यावरच चूक लक्षात येते. पाते आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून बोल्ट सोडवा. मूळच्या कोनातच कानस चालवा, एकाच दिशेने, दोन्ही टोकांना सारखीच. मग भिंतीतल्या खिळ्यावर पात्याचे मधले छिद्र अडकवून पाहा. जे टोक खाली झुकते त्यावर आणखी दोन-चार हात कानस चालवावी. पाते आडवे स्थिर राहीपर्यंत हे करावे लागते. तोल नसलेले पाते इंजिनाच्या दांड्याला हादरे देते. शेवटी फडक्यावर थोडे ऑइल घेऊन पात्यावर पातळ थर पुसून ठेवा.

उंदरांचे विसरू नका. गॅरेजमधल्या इंजिनाच्या आवरणाखाली ते गवताचे घरटे करतात आणि वसंतात त्या घरट्याने हवेचा मार्ग अडून इंजिन तापते. गवताच्या बियांची पिशवी यंत्राशेजारी ठेवू नये, आणि एप्रिलमध्ये दोरी ओढण्याआधी आवरणाखाली एकदा पाहून घ्यावे.

बागेतला पाण्याचा पाइप नळावरून काढला आहे ना? तो जोडलेलाच राहिला तर नळात पाणी अडकून गोठते आणि भिंतीच्या आतली नळी फुटते. स्प्रिंकलर असेल तर जमीन गोठण्याआधी त्यातले पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढून घ्या.

हात_जपा यांचे उत्तर

मी इथल्या एका रुग्णालयात हाताच्या शस्त्रक्रियेनंतरचे व्यायामोपचार करते, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते.

पहिली, पेट्रोलचा डबा आणि पेट्रोल असलेला लॉनमोअर बेसमेंटमध्ये अजिबात ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि पाणी तापवण्याच्या टाकीखालच्या ज्योतीपर्यंत पोहोचली तर घर पेटते. डबा आवारातल्या शेडमध्ये, झाकण घट्ट लावून ठेवावा. शेड नसेल तर गॅरेजमध्ये, ज्योतीपासून आणि मुलांच्या हातापासून दूर. यंत्राची चाचणीही गॅरेजचे दार उघडून आत न करता पूर्णपणे बाहेर करावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि घराला लागून असलेल्या गॅरेजमधून तो घरात शिरतो.

दुसरी गोष्ट स्नोब्लोअरची. आमच्याकडे येणाऱ्या या जखमा बहुतेक वेळा सारख्याच असतात. तापमान शून्य अंश सेल्सियसच्या आसपास असते, बर्फ ओला आणि जड असतो, तो वर फेकणाऱ्या नळकांड्यात घट्ट अडकतो, आणि माणूस हातमोजा घातलेल्या हाताने तो काढायला जातो. पुष्कळांनी इंजिन बंदही केलेले असते. पण अडकलेल्या बर्फामुळे आतला पंखा ताणलेल्या अवस्थेत थांबलेला असतो, आणि बर्फ सुटताच तो एक झटका घेतो. तेवढ्या झटक्यात बोटांची टोके जातात. इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, सगळे फिरणे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मग यंत्राला लावलेल्या प्लास्टिकच्या काठीनेच बर्फ काढावा. ती काठी तुमच्या यंत्रावर आहे का ते आजच पाहा. आधीच्या मालकाकडून ती हरवली असेल तर झाडूचा लांब दांडाही चालेल, पण हात घालायचा नाही. नळकांड्याच्या आतून सिलिकॉनचा फवारा मारून ठेवला तर ओला बर्फ कमी चिकटतो.

तुम्ही पाच आठवडे नसणार म्हणून आणखी एक. मिनियापोलिसमध्ये एका कुटुंबाच्या घरासमोरचा पदपथ बर्फ थांबल्यापासून २४ तासांत मोकळा करावा लागतो. ईगनचा नियम नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहा आणि निघण्यापूर्वी कोणाशी तरी पैसे ठरवून काम सोपवा. शेजाऱ्याला तुमचे यंत्र वापरायला देणार असाल तर ही काठीची गोष्ट त्यांनाही सांगा.

दोन_बॅटऱ्या यांचे उत्तर

आम्ही तीन वर्षांपूर्वी दोन्ही यंत्रे बॅटरीवरची घेतली, त्यामुळे पेट्रोलची चिंता राहिली नाही. मात्र बॅटरीची राहते. लिथियम बॅटरी ३२ अंश फॅरनहाइटच्या खाली चार्ज करू नये, तिचे आतून कायमचे नुकसान होते. आम्ही चार्जर घरातल्या कपाटात ठेवला आहे. बर्फ काढून आल्यावर बॅटरी खोलीच्या तापमानाला येऊ देतो आणि मग लावतो. उन्हाळ्यात किंवा तुमच्यासारखा भारताचा दौरा असताना ती पूर्ण भरून न ठेवता साधारण निम्मी भरून घरात ठेवावी. चार-पाच इंच बर्फाला आमचे यंत्र पुरते. नगरपालिकेचा नांगर ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो गोठलेला बांध लोटून जातो, त्याच्यापुढे मात्र ते दमते. म्हणून तुमच्याकडे असलेले दोन टप्प्यांचे पेट्रोलचे यंत्र दुरुस्त होत असेल तर ते सोडू नका.

ईगनचे_नवे_घर

सर्वांचे मनापासून आभार. बेसमेंटचा विचार त्याच दिवशी सोडून दिला आणि डबा शेडमध्ये हलवला.

शनिवारी कार्ब्युरेटर उघडला. वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी होती, रांगोळीच्या चिमटीएवढी, आणि तिच्यावर मधासारखा पिवळसर चिकट थर. जेट उजेडाकडे धरला तेव्हा पलीकडचे काहीच दिसेना. तारेच्या ब्रशचा तंतू तिसऱ्या खेपेला आरपार गेला आणि मग छिद्र गोल दिसले. टाकी पत्र्याची आहे, म्हणून जुने पेट्रोल काढून इथेनॉल नसलेले नवे भरले. तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झाले आणि दोन मिनिटांनी चोक पूर्ण आत ढकलला तरी एकसारखे चालत राहिले.

एक शंका उरली आहे. बर्फ आत ओढणाऱ्या मळसूत्री पात्याच्या दांड्यावर एका बाजूला यंत्राबरोबरची पिन आहे, दुसऱ्या बाजूला मात्र साधा जाड बोल्ट घट्ट पिळलेला दिसतो. तो तसाच राहू द्यावा का?

वीस_हिवाळे

तो बोल्ट आजच काढा. तिथे शिअर पिनच हवी. पात्यात वर्तमानपत्राची गुंडाळी किंवा दगड अडकला की ती पिन तुटावी आणि गिअरबॉक्स वाचावा, यासाठीच ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. कडक बोल्ट तुटत नाही; त्याऐवजी गिअर तुटतात, आणि मग खर्च जवळजवळ यंत्राइतका येतो. तुमच्या यंत्राच्या मॉडेल क्रमांकानुसार पिनांचे पाकीट आणा, दोन्ही बाजूंना नव्या घाला आणि उरलेल्या हँडलला चिकटपट्टीने बांधून ठेवा. पिन तुटते ती भर बर्फात, अंधारात, तेव्हा ती शोधायला गॅरेजमध्ये जावे लागू नये.

त्याच वेळी इंजिनचे ऑइल ५डब्ल्यू-३० (थंडीतही पातळ राहणारे) आहे ना तेही पाहून घ्या, आणि खालच्या दोन्ही घसरपट्ट्या सारख्या उंचीवर लावा. काँक्रीटच्या ड्राइव्हवेवर खरवडणारी पट्टी जमिनीपासून इंचाचा आठवा भाग वर असली की पुरे. ड्राइव्हवे खडीचा असेल तर बरीच वर ठेवा, म्हणजे खडे उडणार नाहीत.

ईगनचे_नवे_घर

ड्राइव्हवे काँक्रीटचाच आहे. बोल्ट काढला, त्याच्या आट्या अर्ध्या झिजल्या होत्या, त्यामुळे पकडीने धरून फिरवावा लागला. नव्या पिना दोन्ही बाजूंना बसवल्या, चार हँडलला बांधल्या. बर्फ काढायची काठी यंत्रावर नव्हती, ती मागवली आहे, आणि आम्ही नसताना ज्या शेजाऱ्यांकडे यंत्र राहणार आहे त्यांना रविवारी सकाळी बोलावून सगळे दाखवणार आहे.